उत्तरपूजा न झालेल्या मूर्ती

गणपती विसर्जनाला न्यायच्या आधी उत्तरपूजा होते. अक्षता वाहतात, मूर्तीच्या हातावर दही ठेवतात आणि मग मूर्ती आहे त्या जागेवरून जराशी हलवतात. बोटभर. त्या बोटभर हलण्याआधी तो देव असतो. नंतर ती माती असते, किंवा हल्ली प्लास्टर. गुरुजी कितीही घाईत असले तरी एवढं चुकवत नाहीत. मला या विधीचं कौतुक आहे ते भाविक म्हणून नव्हे, सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारी बाई म्हणून. एखाद्या गोष्टीची अवस्था बदलत असेल तर त्याची नोंद चारचौघांसमोर व्हावी लागते. नाहीतर पुढे प्रत्येक जण तिला आपापल्या समजुतीने वापरतो आणि घोळ होतो.

म्युझियमांमधल्या आशियाई कलेबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक दोन टोकांचं असतं. एक टोक म्हणतं, चोरलेलं आहे, परत द्या. दुसरं म्हणतं, तिकडे गेलं म्हणून टिकलं, इथे असतं तर शेंदूर फासून ठेवला असता. दोन्हींत तथ्य आहे, आणि दोन्ही वाद मालकीचे आहेत. मला मालकीच्या अलीकडच्या एका प्रश्नात रस आहे. वस्तू कुणाच्याही मालकीची असो, ती काचेमागे गेली तेव्हा तिचं काम बदललं. हे बघणाऱ्याला कुणी सांगतं का? माझ्या बघण्यात तरी फार कमी ठिकाणी सांगतात. आणि न सांगण्यात लंडन-न्यू यॉर्क जितके पटाईत आहेत तितकेच आपणही आहोत.

कुठल्याही म्युझियममधला फलक वाचला की मला डेटाबेसचा तक्ता दिसतो. नाव, माध्यम, स्थळ, काळ, देणगीदार, नोंदणी क्रमांक. सगळे रकाने नामांचे. क्रियापदाला रकाना नाही. ही वस्तू काय करायची, तिच्याशी लोक काय करायचे, ते कधी थांबलं, हे भरायला जागाच ठेवलेली नाही. आणि ज्याला रकाना नसतो ते तक्त्याच्या दृष्टीने घडलेलंच नसतं, हे रोज तक्त्यांशी झगडणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

क्रियापद गेलं की काय होतं याचा सगळ्यात गमतीदार नमुना इटलीत आहे. १९३८मध्ये पॉम्पेईच्या उत्खननात एक हस्तिदंती बाई सापडली. उंची साधारण २५ सेंटिमीटर, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. व्हेसुव्हियसचा उद्रेक इ.स. ७९चा, म्हणजे त्याआधीच ती भारतातून तिथे पोचलेली. तिला 'पॉम्पेई लक्ष्मी' म्हणायची पद्धत पडली आहे, पण लक्ष्मी म्हणावं असं तिच्यापाशी ठाम काही नाही. ती यक्षी असावी असं मानणारे बरेच आहेत. डोक्यात भोक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या चौरंगासारख्या सामानाचा पाय. आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला तिच्या जातकुळीची हस्तिदंती मूर्ती मिळालेली आहे, त्यामुळे तिचं माहेर मराठवाड्यात शोधणारे अभ्यासकही आहेत. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात ती कुठे ठेवली आहे? 'गुप्त दालना'त. पॉम्पेईतली कामुक चित्रं आणि शिल्पं वेगळी काढून एके काळी जिथे कुलपात ठेवली होती, तिथे. सांचीच्या तोरणाला लटकलेली तिची बहीण दारावर मांगल्य घेऊन उभी असते; हिच्या अंगावर वस्त्र दिसलं नाही म्हणून ही त्या कपाटात गेली. यात कुणी लबाडी केलेली नाही. वर्गीकरण करणाऱ्याकडे 'नग्न' हा रकाना होता, 'शुभ' हा नव्हता.

अमरावतीच्या बाबतीत हरवलेलं क्रियापद 'फिरणे' हे आहे. आंध्रातल्या कृष्णेकाठच्या या स्तूपाचं काम इसवी सनापूर्वी सुरू झालं आणि तिसऱ्या शतकापर्यंत चालू राहिलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक जमीनदाराने बांधकामाच्या दगडासाठी टेकाड खणायला घेतलं, तेव्हा कॉलिन मॅकेन्झी तिथे पोचला. १८४५मध्ये वॉल्टर एलियटने आणखी शिळा काढल्या. त्या मद्रासला पडून राहिल्या, १८५९मध्ये लंडनला रवाना झाल्या आणि १८८०मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आल्या. आज त्या स्वतंत्र खोलीत आहेत, काचेमागे, दमट हवा लागू नये अशा बंदोबस्तात. दगड चुनखडीचा आहे, लंडनच्या हवेत तो झिजत होता, तेव्हा काच हवीच. तक्रार काचेबद्दल नाही.

तक्रार अशी की या शिळा गोल इमारतीच्या होत्या आणि आता सरळ रेषेत आहेत. स्तूप उजव्या हाताला ठेवून माणूस चालतो. कोरलेल्या कथा त्याच्या चालण्याच्या वेगाने उलगडतात. एक प्रसंग संपेपर्यंत पुढचा वळणाआड असतो. मी कामावरून परतताना लंडनला चार दिवस थांबले होते, त्यातला जवळजवळ एक दिवस या खोलीत गेला. लोक आत येत, मधोमध उभे राहत, एका नजरेत सगळं बघत, फोटो काढत आणि निघत. शिळा सरळ मांडल्या की हे असंच होणार. भिंतीवरचं चित्र उभं राहून बघायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीवर एक वाकडी रेघ काढून 'स्तूपाचा घेर इतका होता, चालून बघा' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

त्याच संग्रहात एक शिळा आहे जी मला सगळ्यांत आवडली. ती दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. एका बाजूला बोधिवृक्ष आणि त्याला वंदन करणारे लोक, हे काम जुनं, सुमारे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातलं. पुढे तीनेकशे वर्षांनी अमरावतीच्याच कारागिरांनी ती उलटी केली आणि कोऱ्या पाठीवर भलामोठा अलंकृत स्तूप कोरला. म्हणजे लंडन बघण्याच्या किती तरी आधी या दगडाचं काम एकदा बदललेलं होतं, आणि ज्यांनी बदललं त्यांनी तो बदल दगडातच लिहून ठेवला. मूळ रूप, शुद्ध रूप, असं काही अमरावतीलाही नव्हतं. हे आपल्याकडच्या 'परत आणा'वाल्यांनी लक्षात ठेवावं. आपण वारसा कसा सांभाळला हेही विसरायचं कारण नाही: चेन्नईला राहिलेल्या शिळा संग्रहालयाच्या भिंतीत चक्क सिमेंटने बसवल्या गेल्या होत्या. ते काम ब्रिटिशांच्या राज्यात झालं खरं, पण स्वातंत्र्यानंतरही दशकानुदशकं त्या तशाच राहिल्या.

२०२३मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये प्राचीन बौद्ध कलेचं एक मोठं प्रदर्शन झालं. नाव होतं 'वृक्ष आणि सर्प'. हे नाव जेम्स फर्ग्युसनच्या १८६८च्या, सांची आणि अमरावतीवरच्या पुस्तकाची आठवण करून देणारं. न्यू यॉर्कनंतर हे प्रदर्शन सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलं. तिथे कोरियन भाषेत त्याचं नाव बदललं: 'स्तूपांचं अरण्य, गूढरम्य भारतकथा' असा काहीसा त्याचा अर्थ होतो. बौद्ध परंपरा असलेल्या देशाने नावात स्तूप आणला हे समजण्यासारखं आहे. पण 'गूढरम्य'? भारताला गूढरम्य म्हणायचा मक्ता फक्त गोऱ्यांकडे आहे असं आपण उगीच समजतो. आशियातल्या आशियात आपण एकमेकांना किती अनोळखी आहोत, हे त्या एका विशेषणात आहे.

आता नटराज. चोळकालीन ब्राँझ नटराज ही उत्सवमूर्ती असते. मिरवणुकीत न्यायची म्हणून तिच्या बैठकीला दांडे अडकवायला कड्या किंवा भोकं असतात. देवळात ती रेशमी वस्त्रांत, हारांत, दागिन्यांत इतकी झाकलेली असते की चेहरा, हात आणि उचललेलं पाऊल एवढंच काय ते दिसतं. जगभरच्या म्युझियमांत तिचं जे अंग दिसतं, ती कंबरेची वळणं, तो तोल, ते शिल्पकाराने घडवलं हे खरं. पण दर्शनाला येणाऱ्याने बघावं म्हणून नव्हे. रोदाँने १९१३मध्ये नटराजावर भारावून लिहिलं ते फोटो बघून. आनंद कुमारस्वामींचं शिवाच्या नृत्यावरचं पुस्तक १९१८चं, ते बोस्टनच्या म्युझियममध्ये रुजू झाल्यानंतर वर्षभरातलं. विश्वाचा लयबद्ध नर्तक ही आपल्या ड्रॉइंगरूममधल्या नटराजाची जी ओळख आहे तिच्यात या काचेमागच्या, कपडे उतरवलेल्या नटराजाचा मोठा वाटा आहे. २००४मध्ये भारत सरकारने जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेला नटराज भेट दिला तोही याच रूपातला. त्याचा फोटो माझ्या ओळखीच्या निम्म्या इंजिनिअरांनी कधी ना कधी स्टेटसला ठेवला आहे. म्युझियमने बदललेलं क्रियापद आपण मुकाट्याने स्वीकारलं आणि पुढे निर्यातही केलं.

पत्तूरच्या नटराजाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तमिळनाडूतल्या या गावी १९७६मध्ये एका मजुराला खणताना मूर्ती सापडल्या. नटराज दलालांच्या हातून फिरत लंडनला पोचला, तिथे एका कॅनडियन कंपनीने तो विकत घेतला आणि डागडुजीसाठी ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञाकडे दिला असताना पोलिसांनी जप्त केला. खटला चालला. दावेदारांत खुद्द पत्तूरचं पडकं देऊळही होतं. पडकं देऊळ इंग्लंडच्या कोर्टात दाद मागू शकतं का, यावर गंभीरपणे युक्तिवाद झाले, आणि १९९१मध्ये अपील कोर्टानेही निकाल देवळाच्या बाजूने राखला. देव खटला जिंकला. नंतर? मूर्ती तमिळनाडूत आली आणि सरकारी सुरक्षित भांडारात गेली, कारण गावात तिला सांभाळेल असं देऊळ नव्हतं. आता तो पूजेत नाही आणि प्रदर्शनातही नाही. मालकीचा प्रश्न सुटूनही कामाचा प्रश्न कसा लटकत राहतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

गंमत म्हणजे ज्या परंपरांतून या मूर्ती आल्या त्यांच्याकडे अवस्था बदलण्याचे विधी आहेत. दक्षिणेत देवळाचा जीर्णोद्धार करायचा झाला तर मूर्तीतली शक्ती विधिपूर्वक कलशात काढून घेतात. जपानमध्ये मूर्ती दुरुस्तीला किंवा प्रदर्शनाला हलवायच्या आधी तिच्यातलं चैतन्य काढून घेण्याचा विधी करतात, परत आली की पुन्हा बसवतात. आपली उत्तरपूजा त्याच घराण्यातली. म्हणजे देव आणि वस्तू यांच्यात दार आहे, ते दोन्ही बाजूंनी उघडतं, फक्त उघडताना सांगावं लागतं.

जपानने हे दार कसं वापरलं ते बघण्यासारखं आहे. सुरुवात मोडतोडीचीच होती. १८८४मध्ये अर्नेस्ट फेनोलोसा हा अमेरिकन प्राध्यापक आणि त्याचा शिष्य ओकाकुरा काकुझो सरकारी परवाना घेऊन नाराजवळच्या होर्यूजी मठात गेले आणि शतकानुशतकं कापडात गुंडाळून बंद ठेवलेली कान्नोनची मूर्ती उघडायला लावली. भिक्षूंना भीती होती की भूकंप होईल. भूकंप झाला नाही, पण मूर्ती बघायची चीज झाली. हेच ओकाकुरा पुढे बोस्टनच्या म्युझियममध्ये आशियाई विभाग सांभाळायला गेले, आणि तिथे १९०९मध्ये नव्या इमारतीत एक 'मंदिर-खोली' उभी राहिली: लाकडी खांब, मंद उजेड, समोर ओट्यावर बुद्धमूर्ती.

२०२४च्या हिवाळ्यात मी ऑनसाइट कामासाठी बोस्टनजवळ होते, तेव्हा या खोलीत दोनदा जाऊन बसले. खोली चांगली आहे हे आधी सांगते. आत आलेला माणूस आपोआप आवाज खाली आणतो. बाहेरच्या पांढऱ्या भिंतींच्या दालनांपेक्षा इथे मूर्तींना श्वास आहे. पण काही वेळाने चुकल्यासारखं वाटायला लागतं, आणि मला आपले गणपतीचे मांडव आठवले. आपल्याकडे थर्माकोलचं केदारनाथ उभं करतात, त्यात बर्फ कापसाचा असतो, पण आरती खरी असते. बोस्टनमध्ये नेपथ्य अव्वल दर्जाचं, आणि आरतीच नाही. उदबत्तीचा वास नाही, कुणी येऊन काही ठेवत नाही, घंटा नाही. देवळाचं वातावरण दिलं आहे, पण हे देऊळ नाही हेही खोली तोंडाने बोलत नाही. तुम्हाला भाविकाच्या जागी बसवते आणि प्रेक्षकाचंच काम देते. १९०९ सालच्या अमेरिकेत हे धाडस होतं. आज ती खोली स्वतःच एक पुरावस्तू झाली आहे: शंभर वर्षांपूर्वी पूर्वेकडे कसं बघत होते याची. मला विचाराल तर फलक त्या खोलीलाच लावायला हवा.

याच्या शेजारी टोकियो ठेवा. २००९मध्ये नाराच्या कोफुकुजी मठातली आशुराची मूर्ती टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आली. सन ७३४मधली, लाखेची, आतून पोकळ, तीन तोंडं, सहा हात, आणि चेहरा एखाद्या रुसलेल्या मुलाचा. मठात ती समोरून बघायची. टोकियोत ती मधोमध ठेवली आणि लोकांना चारी बाजूंनी फिरू दिलं. नऊ लाखांहून जास्त लोक आले. तिथे देवळाचं नेपथ्य नव्हतं. होता तो काळोख, प्रकाश आणि फिरायला जागा. मूर्ती मठाची होती, मठाच्या संमतीने आली, काम संपल्यावर परत गेली. म्युझियमने देऊळ असल्याचा आव आणला नाही, पण फिरणं हे क्रियापद मात्र मोकळं ठेवलं. लोकांनी गोल फिरताना प्रदक्षिणा घातली की नुसतं बघितलं, ते ज्याचं त्याने ठरवलं.

आता आपल्या घरात येऊ. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात चिनी आणि जपानी वस्तूंचा उत्तम साठा आहे; रतन टाटा आणि दोराबजी टाटा या बंधूंच्या संग्रहांतून आलेला. पोर्सेलीन, जेड, कोरीवकाम. मी शाळेपासून तिथे जाते आहे, आणि आजही मला त्या दालनात चीन भेटत नाही. एका श्रीमंत पारशी घराचा दिवाणखाना भेटतो. कपाटात ओळीने वस्तू, देश आणि शतक. या भांड्यातून कोण काय प्यायचं, ही कुपी खिशात कोण ठेवायचं, कँटनहून मुंबईला आलेल्या मालाचा आणि इथून तिकडे गेलेल्या अफूचा या कपाटांशी काय संबंध, याची कुजबुजही नाही. लंडनने आपल्या मूर्तींचं जे केलं तेच आपण चीनचं केलं. मराठीत चीन म्हटलं की आधी 'चिनी मातीची बरणी' आठवते, आणि तिला निदान लोणचं भरणे हे क्रियापद आहे.

पण याच संग्रहालयाने अलीकडे जे करून दाखवलं त्याला दाद द्यायला हवी. २०१७मध्ये 'भारत आणि जग' हे प्रदर्शन ब्रिटिश म्युझियमच्या साथीने झालं. डिसेंबर २०२३मध्ये आलेल्या प्रदर्शनात भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोममधली प्राचीन शिल्पं एकत्र मांडली गेली. वस्तू लंडन, बर्लिन आणि लॉस एंजेलिसच्या गेटीमधून आणलेल्या. ग्रीक-रोमन देव आपल्या देवांच्या शेजारी उभे राहिले, आणि एक विचित्र गोष्ट घडली. माझ्या पुढे चालणाऱ्या एका मुलीने आईला विचारलं, "याची आता पूजा कोण करतं?" आईने फलक वाचला. फलकात अर्थातच ते नव्हतं. लंडनच्या दालनात ग्रीक देवापुढे हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही. तिथे तो कलेच्या इतिहासाचा पहिला धडा असतो. मुंबईत शेजारी विष्णू उभा असल्यामुळे तो पुन्हा देव झाला, बेकार झालेला देव. अथेन्सच्या देवांचीही उत्तरपूजा कधी झालेली नाही, हे समजायला त्यांना मुंबईला यावं लागलं. एका प्रदर्शनाकडून याहून जास्त काय मागायचं?

(पुण्याच्या केळकर संग्रहालयाबद्दल एवढंच: तिथल्या वज्री, अडकित्ते, दिवे यांचे फलक वाचायची गरज आजवर पडली नाही कारण शेजारी कुणाची तरी आजी असायची. वज्री पाय घासायची, हे मला अशाच एका अनोळखी आजीने सांगितलं. माझ्या पिढीच्या नातवंडांना ते कोण सांगणार, याचा विचार फलक लिहिणाऱ्यांनी आत्ताच केलेला बरा.)

आणि मग वाघनखं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली ही वाघनखं तीन वर्षांसाठी उसनी आली. १९ जुलै २०२४पासून ती साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली, नंतर ती नागपूरला गेली. पुढच्या महिन्यात मी साताऱ्याला गेले तेव्हा रांग होती, पावसाने सगळे भिजलेले, मधूनच जयजयकार. काचेपाशी पोचल्यावर माझ्या पुढच्या आजोबांनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी हात जोडले, मीही जोडले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

अडचण त्या हात जोडण्यात नाही. लंडनच्या म्युझियमची स्वतःची नोंद असं म्हणते की अफझलखानाच्या भेटीत महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच का, याची खात्री करता येत नाही. वस्तू आली ती साताऱ्याला १८१८नंतर काही वर्षं असलेल्या जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून. सोबत एक पेटी आहे आणि तिच्यावर मजकूर आहे: ही शिवाजीची वाघनखं, यांनी त्याने मोगल सरदाराला मारलं आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती ग्रँट डफला दिली, अशा आशयाचा. खान मोगलांचा नव्हता, आदिलशाहीचा होता, हे चौथीतलं पोर सांगेल. सगळा दावा त्या पेटीवर उभा आहे आणि पेटी एवढी ढिली बोलते. पण इकडे घोषणा, बातम्या, रस्त्यावरचे फ्लेक्स यांत पहिल्या दिवसापासून 'शिवाजी महाराजांची वाघनखं' एवढंच. लंडनच्या नोंदीतला संशय विमानात बसलाच नाही. अभ्यासकांनी तो काढला तेव्हा त्यांची निष्ठा तपासायला लोक पुढे आले.

इथे नेहमीची गोष्ट उलटी फिरली. बाकी सगळीकडे म्युझियमने देवाची वस्तू केली. साताऱ्यात वस्तूची प्राणप्रतिष्ठा झाली, तीही म्युझियममध्ये. आणि जसं तिकडे उतरवताना सांगितलं नाही, तसं इकडे चढवतानाही सांगितलं नाही. मला दोन्ही सारखंच खटकतं. खरं तर या काचेमागे फार चांगली गोष्ट मांडता आली असती. १६५९चा प्रतापगड, मग दीडशे वर्षांहून लांब अंधार, मग पेशवाई बुडाल्यावर साताऱ्यात बसून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा एक स्कॉटिश अधिकारी, त्याच्या हाती आलेली एक पोलादी वस्तू, त्याच्या घरी बनलेली पेटी, पेटीवरची चूक, आणि दोनशे वर्षांनी साताऱ्याच्याच पावसात उभी असलेली रांग. पेटीवरचा मजकूर मोठा करून, मराठीत, शेजारी लावायचा. कोथळा काढणे हे क्रियापद आपल्याला कुणी शिकवायला नको. ते आपण घेऊनच आत जातो. पण ते वस्तूकडून आलं की आपण आणलं, एवढं वेगळं करून दाखवणं हेच तर म्युझियमचं काम. चपला काढणाऱ्या आजोबांना ते झेपलं नसतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आजोबांशी बोलून बघावं. रांगेत ते मला ग्रँट डफच्या बखरीबद्दल सांगत होते.

२०२७मध्ये मुदत संपेल आणि वाघनखं लंडनला परत जातील. तिथल्या नोंदीत वस्तूचा इतिहास लिहायची जागा आहे. ग्रँट डफ, त्याचे वंशज, देणगी, एवढं तिथे आहे. आता त्याखाली सातारा आणि नागपूर येईल, उसनवारीच्या तारखांसकट. चपलांचं कुणी लिहील का, ते मी बघणार आहे.